कोकणातील घरांसाठी सबवे टाइल : निवड आणि मांडणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, गुहागर, मालवण, वेंगुर्ला या पट्ट्यात घर बांधणारे किंवा जुन्या घराचे स्वयंपाकघर नव्याने करणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे देताना किनाऱ्यावरचा पाऊस, खारी हवा आणि जांभ्याची भिंत या तीन गोष्टी सतत डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत, कारण शहरातील दुकानात मिळणारा सल्ला बहुतेक वेळा त्यांना वगळून दिलेला असतो.

सबवे टाइल म्हणजे नेमके काय, आणि हे नाव कशावरून पडले?

लांबी रुंदीच्या दुप्पट असलेली, पृष्ठभागावर काचेसारखा झिलईचा थर असलेली, विटेसारखी दिसणारी भिंतीची टाइल म्हणजे सबवे टाइल. तिचे मूळ माप ३ इंच बाय ६ इंच आहे. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे १९०४ साली सुरू झाली, तेव्हा हाइन्स आणि लाफार्ज या वास्तुविशारदांच्या जोडीने तिच्या स्थानकांच्या भिंतींना पांढऱ्या झिलईच्या टाइल वापरल्या. जमिनीखाली उजेड कमी असतो, म्हणून आहे तो प्रकाश परावर्तित करणारा आणि पुसल्याबरोबर स्वच्छ होणारा पृष्ठभाग तेथे हवा होता. त्या भुयारी रेल्वेवरून हे नाव रूढ झाले. आज ३ बाय १२ आणि ४ बाय ८ इंचांच्या टाइलही याच नावाने विकल्या जातात.

कोकणातील घराला ती शोभते का? ती परकी तर वाटणार नाही?

हा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडच्या कौलारू घरांचे वळचणीचे छप्पर खाली उतरलेले असते, खिडक्या लहान असतात आणि भोवती माड, पोफळी व फणस यांची दाट सावली असते. अशा घराच्या मागच्या बाजूचे स्वयंपाकघर भर दुपारीही अंधारे राहते, आणि श्रावणात तर दिवा लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाही. ज्या कारणासाठी ही टाइल भुयारात लावली गेली, तेच कारण येथेही लागू पडते, कारण चुन्यासारखी पांढरी, किंचित चमकणारी भिंत खिडकीतून येणारा थोडासा उजेड खोलीभर पसरवते. जांभ्याचा तांबूस रंग, सागवानी किंवा फणसाच्या लाकडाची चौकट आणि काळा ओटा यांच्याशी पांढरा, मोतिया किंवा फिकट शेवाळी रंग उत्तम जुळतो. मात्र संपूर्ण खोलीला टाइल चढवण्याचा मोह टाळावा. ओट्यामागचा पट्टा, मोरीचा कोपरा आणि न्हाणीघर एवढ्यापुरतीच ती ठेवावी आणि बाकीच्या भिंतींना श्वास घेऊ द्यावा.

काम वर्षाच्या कोणत्या काळात करावे?

जानेवारीपासून एप्रिलअखेरपर्यंत. या प्रश्नाचे उत्तर इतके स्पष्ट असूनही निम्मी कामे नेमकी उलट्या काळात होतात, कारण घराघरांत एकच आग्रह असतो की गणपतीच्या आधी स्वयंपाकघर झाले पाहिजे. चाकरमानी मे महिन्यात गावी येतात, तेव्हा बेत ठरतो, जूनमध्ये साहित्य येते आणि जुलैमध्ये, म्हणजे भिंत वर्षातील सर्वांत ओली असताना, गवंडी टाइल लावायला उभा राहतो. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. त्या काळात नवे प्लास्टर वाळत नाही, त्याचा केवळ वरचा पापुद्रा कोरडा दिसतो.

आमच्या स्वतःच्या घरी हीच चूक झाली. प्लास्टर होऊन १२ दिवस झाले होते, हात लावला तर भिंत कोरडी वाटत होती आणि चतुर्थी तोंडावर आली होती, म्हणून आम्ही काम सुरू करून दिले. गणपतीत भिंत सुंदर दिसली. डिसेंबरात सांध्यांतून पिठासारखी पांढरी पूड येऊ लागली, जिला आपण लोणा म्हणतो, आणि भांडी घासण्याच्या जागेमागील टाइलवर बोटाच्या पेराने टकटक केले की पोकळ आवाज येई. पुढच्या पावसाळ्यात त्या पट्ट्यातील टाइल एकामागून एक सुटल्या. काढून पाहिल्या, तेव्हा प्रत्येकीच्या पाठीवर मधोमध सिमेंटचा एक गोळा होता आणि चारही कोपरे कोरे होते.

नव्या प्लास्टरला ७ दिवस पाणी मारल्यानंतर कोरड्या हवेत किमान ३ आठवडे वाळू द्यावे. शंका असल्यास फूटभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला पक्का बंद करून एक रात्र आणि एक दिवस ठेवावा. कागदाच्या आतल्या बाजूला दव जमले, तर भिंत अजून तयार नाही. गणपतीपूर्वी काम हवेच असेल, तर ते आदल्या होळीच्या सुमारास पुरे करावे.

जांभ्याच्या भिंतीवर टाइल थेट लावता येते का?

नाही. चिरा, म्हणजे जांभ्याचा कापलेला दगड, सच्छिद्र असतो, त्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो आणि दोन चिऱ्यांच्या पातळीत सहज पाऊण इंचाचा फरक असतो. सबवे टाइल लहान असल्यामुळे भिंतीतील प्रत्येक खोलगा ती जशाच्या तसा दाखवते. म्हणून आधी सिमेंटचे प्लास्टर हवे. ६ फुटी सरळ पट्टी भिंतीला टेकवली असता तिच्यामागे ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसता कामा नये, हे गवंड्याला आधीच सांगून ठेवावे. भिंत ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, आहे की नाही आणि कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे की नाही, हेही त्याच वेळी तपासून घ्यावे. मातीत बांधलेली जुनी भिंत असेल, तर सांध्यांतील सुटी माती खरवडून ते सिमेंटने भरल्याशिवाय प्लास्टर धरत नाही. भिंतीची बाहेरची बाजू पावसाच्या माऱ्यात असेल, तर आधी बाहेरून गळती थांबवावी, कारण आतून कितीही चांगली टाइल लावली तरी मागून येणारे पाणी तिला ढकलतच राहते.

चकचकीत घ्यावी की मंद? कडा सपाट असाव्यात की उतरत्या?

अंधाऱ्या खोलीत चकचकीत, भरपूर उजेडाच्या खोलीत मंद, हा साधा नियम पुरेसा आहे. कडा उतरत्या असलेली टाइल प्रकाशात उठून दिसते, पण प्रत्येक उतारावर फोडणीचा तेलकट थर बसतो. जेथे रोज माशांचे कालवण शिजते आणि तळण होते, तेथे ओट्यामागे सपाट टाइलच घ्यावी, असे माझे मत आहे. उतरत्या कडांची हौस न्हाणीघरात किंवा हात धुण्याच्या जागेमागे भागवता येते. झिलईवर मुद्दाम बारीक तडे ठेवलेल्या टाइल दिसायला मोहक असल्या, तरी त्या तड्यांत हळदीचे पाणी उतरते, म्हणून स्वयंपाकघरात त्या नकोत.

कपाटाखाली दिव्यांची पट्टी बसवणार असाल, तर भिंतीलगत घासून पडणारा तो प्रकाश टाइलची एकही वर-खाली झालेली कड लपू देत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

मोठ्या टाइलवर सबवेची नक्षी छापलेली मिळते. ती चालेल का?

चालते. खर्च व मजुरी दोन्ही कमी होतात आणि खरे सांधे कमी असल्याने साफसफाईही सोपी जाते. अडचण अशी आहे की छापील सांधा आणि खरा सांधा यांचा रंग व खोली सारखी नसते, त्यामुळे दोन मोठ्या टाइल जेथे भेटतात, तेथे विटांची नक्षी तुटलेली दिसते. भाड्याने द्यायच्या खोल्यांना मी ती सुचवतो, पण राहत्या घराच्या स्वयंपाकघराला सुचवत नाही.

मांडणीचे कोणते प्रकार आहेत आणि कोणता निवडावा?

सर्वांत परिचित प्रकार सांधा मोडून लावण्याचा, म्हणजे वरच्या ओळीतील टाइलचा मध्य खालच्या सांध्यावर येतो. चिरेबंदी भिंत पाहत मोठे झालेल्या डोळ्यांना ही मांडणी लगेच आपलीशी वाटते. गवंड्याच्याही ती हाताखालची असते आणि टाइलच्या मापात थोडा फरक असला तरी ती सांभाळून घेते. ३ बाय १२ इंचांसारखी लांब टाइल असेल, तर अर्ध्याऐवजी एक तृतीयांश अंतरावर सांधा मोडावा. लांब टाइल भाजताना मधोमध किंचित फुगते आणि तिच्या फुगीर मध्याशेजारी दुसऱ्या टाइलचे टोक आले, की कड वर आलेली दिसते.

सांध्यावर सांधा ठेवून सरळ रांगांत लावली, तर भिंत शांत आणि आधुनिक दिसते, पण या मांडणीत एका मिलिमीटरची चूकही १० फुटांवरून ओळखू येते. उभ्या लावलेल्या टाइलमुळे बुटकी खोली उंच भासते, म्हणून माळ्याखालच्या स्वयंपाकघराला ती उपयोगी पडते. माशाच्या काट्यासारखी तिरकी हेरिंगबोन मांडणी अतिशय देखणी असते, मात्र तीत कापाकापी बरीच होते आणि अनुभवी हात लागतो. ती करायचीच असेल, तर शेगडीमागच्या ३ फुटी पट्ट्यात करावी आणि दोन्ही बाजूंना साधी मांडणी ठेवावी.

पहिली टाइल कोठे लावावी? कोपऱ्यातून सुरुवात केली तर काय बिघडते?

कोपऱ्यातून सुरुवात केली, तर दुसऱ्या टोकाला जे उरेल ते पदरात घ्यावे लागते, आणि बहुतेक वेळा तेथे बोटभर रुंदीची चिंधी उरते. मांडणी आधी कागदावर आणि मग जमिनीवर कोरडी लावून ठरवावी.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. टाइल ७५ बाय १५० मिलिमीटर, सांधा २ मिलिमीटर, म्हणजे एका टाइलला १५२ मिलिमीटर जागा लागते. समजा, भिंत १,२४० मिलिमीटर लांब आहे. भिंतीच्या मध्यावर सांधा धरला, तर प्रत्येक बाजूला ६२० मिलिमीटर राहतात. त्यांत ४ टाइल ६०८ मिलिमीटर घेतात आणि टोकाला केवळ १२ मिलिमीटर उरतात. सांधा मोडल्यामुळे पुढच्या ओळीत टोकाचा तुकडा ८८ मिलिमीटरचा येतो, म्हणजे एकाआड एक ओळीत दोन्ही टोकांना चिंधी दिसत राहते. आता संपूर्ण मांडणी पाव टाइल, म्हणजे ३८ मिलिमीटर, एका बाजूला सरकवा. प्रत्येक ओळीच्या एका टोकाला ५० आणि दुसऱ्या टोकाला १२६ मिलिमीटरचा तुकडा येतो, पुढच्या ओळीत त्यांची अदलाबदल होते आणि चिंधी पूर्णपणे नाहीशी होते. पाव टाइल सरकवण्याची ही युक्ती सांधा मोडलेल्या मांडणीत फार कामाची आहे.

यासाठी मापाची एक काठी करून घ्यावी. सरळ लाकडी पट्टीवर टाइल, सांधा, टाइल, सांधा अशा खुणा पेन्सिलीने कराव्यात आणि ती पट्टी भिंतीवर, खिडकीशी, विजेच्या बोर्डाशी धरून पाहावी. कोठे तुकडा येतो, हे गवंडी येण्यापूर्वीच कळते. ओट्यावर खिडकी असेल, तर भिंतीच्या मध्यापेक्षा खिडकीचा मध्य धरावा, कारण उभे राहणाऱ्याची नजर तिकडेच जाते.

ओटा समपातळीत आहे, असे गृहीत धरू नये. पाणी वाहून जावे म्हणून पुष्कळदा तो भांडी घासण्याच्या बाजूला किंचित उतरता केलेला असतो. अशा वेळी पाणसळ लावून भिंतीवर आडवी पट्टी ठोकावी, दुसऱ्या ओळीपासून वर काम करावे आणि सर्वांत खालची ओळ शेवटी उतारानुसार कापून बसवावी.

ओटा आणि वरचे कपाट यांमध्ये २ फूट जागा आहे. टाइल पूर्ण बसतील ना?

थोडक्यात चुकते, आणि हे थोडके फार त्रास देते. २ फूट म्हणजे ६१० मिलिमीटर. ८ ओळींच्या टाइल ६०० मिलिमीटर, त्यांमधील ७ सांधे १४ मिलिमीटर आणि ओट्यालगतचा लवचिक सांधा ३ मिलिमीटर, अशी एकूण ६१७ मिलिमीटर जागा लागते. मग शेवटच्या ओळीतील प्रत्येक टाइलची ७ मिलिमीटरची कड काढावी लागते. इतकी अरुंद पट्टी साध्या कटरने नीट तुटत नाही, घासून काढावी लागते आणि झिलईचे टवके उडतात. सुताराला कपाट ओट्यापासून ६२० मिलिमीटरवर टांगायला सांगितले, की सर्व ओळी अखंड बसतात. त्यामुळे कपाट टांगण्यापूर्वी टाइल हातात असावी आणि छापील मापावर विसंबून न राहता ती प्रत्यक्ष मोजावी.

टाइल किती मागवाव्यात?

३ बाय ६ इंचांच्या ८ टाइलमध्ये १ चौरस फूट होतो. १० फूट लांब आणि २ फूट उंच पट्ट्याला १६० टाइल लागतात, त्यावर साध्या मांडणीसाठी १० टक्के आणि हेरिंगबोनसाठी १५ टक्के जादा धरावे. आपल्याकडे येणारा बहुतेक माल गुजरातेतील मोरबीहून येतो आणि घाटातून येताना काही टाइल पेटीतच फुटतात, म्हणून पेट्या उतरवून घेतानाच उघडून पाहाव्यात. सर्व पेट्यांवरचा शेड क्रमांक एकच असल्याची खात्री करावी. तरीही लावताना तीन-चार पेट्यांतील टाइल मिसळून घ्याव्यात, म्हणजे रंगातील सूक्ष्म फरक एका जागी साचत नाही.

सिमेंटने लावावी की अ‍ॅडहेसिव्हने?

अ‍ॅडहेसिव्हने. टाइल चिकटवण्याचा हा तयार मसाला पिशवीत मिळतो. पिशवीवर भारतीय मानक १५४७७ चा उल्लेख आणि प्रकार पाहून घ्यावा. ६ मिलिमीटर दात्यांच्या पट्टीने तो भिंतीवर एकाच दिशेने ओढावा, टाइल दाबून किंचित हलवावी आणि दर काही टाइलनंतर एक काढून तिची पाठ पूर्ण भरली आहे का, हे पाहावे. मधोमध गोळा ठेवून टाइल चिकटवण्याची पद्धत माझ्या घरी काय करून गेली, ते वर सांगितलेच आहे. सिरॅमिक टाइल सिमेंटने लावताना ती आधी बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात भिजवतात, पण अ‍ॅडहेसिव्ह वापरताना टाइल भिजवायची नसते. जुन्या सवयीने ती बादलीत टाकली जाते, म्हणून पहिल्या दिवशी स्वतः उभे राहावे.

सांधे कोणत्या ग्राउटने भरावेत? पांढरे ठेवले तर?

स्वयंपाकघरात पांढरा सिमेंटचा ग्राउट काही महिन्यांत हळदीने पिवळा पडतो. शिवाय आपल्या स्वयंपाकात आंबट पदार्थांची रेलचेल असते. आगळ (कोकमाचा आंबट रस), चिंच आणि लिंबू यांचे थेंब सिमेंटच्या सांध्याला हळूहळू कुरतडतात, आणि आगळाचा गुलाबी डाग त्यात मुरला की निघत नाही. ओट्यामागे इपॉक्सी, म्हणजे सिमेंटऐवजी राळेचा, ग्राउट वापरावा. तो महाग पडतो, पण १० फुटी पट्ट्याला लागतो किती? तो लावताना हातोहात पुसावा लागतो, कारण टाइलवर सुकलेला त्याचा धूसर थर नंतर निघता निघत नाही. थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर फिकट इपॉक्सी कालांतराने पिवळसर होतो, म्हणून तेथे राखाडी छटा घ्यावी. पांढऱ्या टाइलला फिकट राखाडी सांधा मला सर्वाधिक आवडतो. त्यामुळे विटांची रचना दिसते आणि सांधा वर्षानुवर्षे आहे तसा राहतो. गडद काळा सांधा प्रत्येक वाकडेपणा अधोरेखित करतो.

न्हाणीघरासाठी वेगळे काही करावे लागते का?

टाइल आणि ग्राउट मिळून भिंत जलरोधक होत नाही. अंग धुण्याच्या जागी ६ फुटांपर्यंत टाइलच्या आधी जलरोधक लेप द्यावा. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात लोह असेल, तर पांढऱ्या सांध्यांवर तांबूस ओघळ उमटतात, म्हणून येथे राखाडी किंवा मातकट रंगाचा सांधा अधिक शहाणपणाचा ठरतो.

कोपरे आणि उघड्या कडा कशा संपवाव्यात?

दोन भिंती मिळतात त्या आतल्या कोपऱ्यात ग्राउटऐवजी सिलिकॉन भरावे, कारण दोन्ही भिंती स्वतंत्रपणे हलतात आणि कडक ग्राउटला तडा जातो. एका भिंतीवर कापलेल्या टाइलचा उरलेला तुकडा त्याच ओळीत कोपऱ्याच्या पलीकडे लावला, तर मांडणी कागद दुमडल्यासारखी सलग वळते. हे करायला वेळ लागतो, पण पाहणाऱ्याला काम किती निगुतीने केले आहे, ते नेमके तेथेच कळते. बाहेरच्या कडेला धातूची पट्टी लावायची असेल, तर खाऱ्या हवेत स्वस्त स्टीलवर लवकरच तांबूस ठिपके येतात. समुद्राजवळच्या घरात ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील किंवा सरळ पीव्हीसीची पट्टी घ्यावी.

अ‍ॅसिडने धुतल्यास टाइल स्वच्छ होतात का?

एकदा होतात. त्याबरोबर सिमेंटचा सांधा विरघळू लागतो, तेथून पाणी आत शिरते आणि नळ, पट्ट्या व स्क्रू गंजतात. रोजच्या डागांना भांडी घासण्याचा साबण, कोमट पाणी आणि मऊ फडके पुरते. पावसाळ्यात सांध्यांवर येणाऱ्या काळ्या बुरशीवर औषध म्हणजे खेळती हवा. त्यामुळे न्हाणीघराची खिडकी किंवा पंखा टाइलच्या आधी ठरवावा.

हीच टाइल जमिनीवर लावावी का?

लावू नये. भिंतीची झिलईदार टाइल ओली झाली की पाय घसरतो, आणि नारळ किंवा पाटा-वरवंटा पडला तर ती फुटते.

उरलेल्या टाइल ठेवाव्यात की दुकानात परत कराव्यात?

किमान १० ते १२ टाइल ठेवाव्यात. तोच शेड पुन्हा मिळेल याची खात्री नसते आणि नळदुरुस्तीसाठी भिंत फोडण्याची वेळ केव्हाही येऊ शकते. टाइल पेटीसकट माळ्यावर ठेवाव्यात. शेड क्रमांक, ग्राउटचा रंग आणि पाण्याच्या पाइपांचे कोपऱ्यापासूनचे अंतर एका कागदावर लिहून तो भांडी घासण्याच्या जागेखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा. कागदाला प्लास्टिकचे आवरण घालायला विसरू नये, नाही तर पहिल्याच पावसाळ्यात शाई पसरते.